टी. वॉरन, मुक्काम पळसखेड

नोव्हाय, मिशिगन
२१ मे २००६

दादा,

साष्टांग नमस्कार घालायला आता पाठ वाकत नाही, म्हणून उभ्याउभ्याच घालते. आधी तुझ्यावर रागावून घेते, खुशाली मग.

तुझं शेवटचं पत्र येऊन तीस वर्षं झाली. मी लता, तुझी धाकटी बहीण. सख्ख्या भावाला अशी ओळख करून द्यावी लागते आहे, यावरून काय ते समज. तू गेलास तेव्हा मी दोन वेण्या घालत होते. आता आहे तेवढ्या केसांचा अंबाडाही धड होत नाही.

सध्या मी तुझ्याच देशात आहे. माझा मुलगा शंतनू इथे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. सून राधिका पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये. नात आन्या सहा वर्षांची, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं उत्तम चाललं आहे. ‘हे’ तीन वर्षांपूर्वी गेले. म्हणून मुलाने हट्टाने बोलावून घेतलं. परतीचं तिकीट २८ ऑक्टोबरचं आहे.

इथे सगळं छान आहे. घर मोठं, मागे हिरवळ, कुंपण नाही. सकाळी सगळे गेले की घर इतकं गप्प होतं की फ्रिज घुरघुरला तरी सोबत वाटते. फोडणी दिली की छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंब मारतं, म्हणून फोडणी कमी केली आहे. छान आहे सगळं.

तुला शोधायला म्हणून मी आलेली नाही, गैरसमज नको. पण काल शंतनूच्या गाडीत नकाशांचं जाडजूड पुस्तक सापडलं. तू मला नकाशा वाचायला शिकवलास आणि पुढे मी वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल-इतिहास शिकवला, तेव्हा नकाशा दिसला की हात शिवशिवतातच. नोव्हाय सापडलं. मग बोट उजवीकडे सरकवत गेले आणि डेट्रॉइटच्या डोक्यावर अक्षरं दिसली. वॉरन.

दादा, मी ते तीनदा वाचलं.

आपण पळसखेडकर का? तर आपण पळसखेडचे. मग तू इकडे येऊन वॉरन झालास, तो वॉरन कुठला? वॉरनचा! इतकी वर्षं ही साधी गोष्ट माझ्या टाळक्यात कशी आली नाही? आणि ते गाव इथून मोटारीने जेमतेम तासाभराच्या आत. म्हणजे हा सबंध उन्हाळा मी तुझ्या शेजारीच राहणार!

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. क्लीव्हलंडच्या जुन्या पत्त्यावर टाकलेलं पत्र केव्हाच परत आलं. तेव्हा पत्ता मिळेपर्यंत ही पत्रं उशीखाली जमवीन म्हणते.

तुझी
लता

४ जून २००६

दादा,

शंतनू हसून हसून लोळला. “आई, इथे तसं नसतं गं! वॉरन म्हणजे इथले जोशी समज. जोशी काय जोशीगावचे असतात का?”

मी म्हटलं, “जोशी नसतील. पण पुणेकर पुण्याचेच असतात.”

“अगं, इथे उलटं आहे. माणसाच्या नावावरून गावाला नाव देतात.”

“माणसावरून गावाला?” मी म्हटलं, “मग माणूस कुठला ते कसं कळायचं?”

रविवारी मुकाट्याने घेऊन गेला. राधिकाला म्हणाला, “आईचं समाधान होऊन जाऊ दे यार.” ती म्हणाली, “मी आन्याचे क्लासेस कॅन्सल करणार नाही हं त्यासाठी.” मुलीचं बरोबरच आहे. मी काही मनाला लावून घेतलं नाही.

वॉरन म्हणजे सरळ रस्ते, बुटकी विटांची घरं आणि एक मोठा कारखाना. मी खिडकीला नाक लावून बसले होते. बाकावर कुणी म्हातारा दिसला की गाडी हळू घे म्हणायचे. दोनदा तर काच खाली केली. तुझं टक्कल कसं दिसत असेल ते मला माहीत नाही, पण बाबांचे कान तुला आहेत, तेवढ्यावर ओळखीन.

वाचनालयात टेलिफोनची डिरेक्टरी होती. वॉरन गावात वॉरन असे किती असतील वाटतं? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात ‘टी. वॉरन’ एक. मी तिथेच खुर्चीत बसले. शंतनू म्हणाला फोन कर. माझा धीर झाला नाही. तीस वर्षांनी काय बोलायचं, ‘हॅलो’? मी पत्र टाकलं, इंग्रजीत, चार ओळींचं: तुम्ही पूर्वी त्र्यंबक पळसखेडकर होतात का? असाल तर ही तुमची बहीण लता.

आता दारच्या पत्रपेटीकडे डोळे लावून बसले आहे. इथे पोस्टमन पत्र घेऊनही जातो, पेटीचं तांबडं निशाण वर केलं की. तू मात्र निशाण कधी वर केलं नाहीस.

लता

२ जुलै २००६

दादा,

टी. वॉरनचं उत्तर आलं. टी. म्हणजे थेल्मा. काळ्या समाजातल्या आहेत, शाळेच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या. त्यांनी लिहिलं आहे: ‘मी तुमचा भाऊ नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं. असं पत्र मला कुणी कधी लिहिलं नाही. चहाला याल का?’

मी दोन दिवस खोलीतच पडून होते. तिसऱ्या दिवशी राधिकाने ऑफिसला जाता जाता मला नोव्हायच्या वाचनालयात सोडलं. म्हणाली, “आई, घरी बसून डोकं फिरेल तुमचं.” तेव्हापासून रोज जाते आणि तुझ्या नव्या भाऊबंदांची माहिती काढते. ऐक.

मूळपुरुष म्हणावा असा एक डॉक्टर जोसेफ वॉरन. बोस्टनचा. इंग्रजांविरुद्धच्या लढाईत, बंकर हिलवर पडला. या देशातली निम्मीशिम्मी वॉरन गावं नि वॉरन जिल्हे त्याच्या नावाचे. एक सर पीटर वॉरन, इंग्रजांचाच आरमारी अधिकारी. त्याच्या नावाचं गाव ऱ्होड आयलंडमध्ये. म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूचंही वॉरन आणि मरणाऱ्याचंही वॉरन. ओहायोतलं वॉरन एका मोजणीदाराचं. गेटिसबर्गच्या लढाईत एक सेनापती वॉरन, मोक्याची टेकडी मोकळी पडली आहे हे त्याच्या वेळेवर लक्षात आलं. पुढे एक वॉरन सरन्यायाधीश. आणि ॲरिझोनातला जॉर्ज वॉरन तर तुझा सख्खा शोभेल! त्याची तांब्याच्या खाणीत भागी होती. घोड्यापेक्षा मी जोरात पळतो अशी पैज त्याने लावली, हरला आणि भागी घालवून बसला. त्याच्याही नावाचं गाव आहे.

मी नकाशात प्रत्येक वॉरनवर बोट ठेवते आणि म्हणते, इथे असेल का? शंतनूने इंटरनेटवर ‘त्र्यंबक वॉरन’ घातलं, काही आलं नाही. ‘टी. वॉरन’ घातलं तर हजारोंनी आले. पेंढ्याच्या गंजीत पेंढ्याची काडी शोधते आहे मी.

दादा, हे नाव तू घेतलंस कशाला रे?

कशाला ते मला ठाऊक आहे. तूच लिहिलं होतंस बाबांना. ‘कॅरलच्या वडिलांना मुलगा नाही. आपल्यामागे वॉरन कुणी उरणार नाही म्हणून ते माझ्यासमोर रडले. नागरिक होताना मी त्यांचं नाव लावलं.’ बाबांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि घडी घातली. म्हणाले, “त्याला दुसरा जावई मिळाला असता. मला दुसरा मुलगा नाही.” मग तुझ्याविषयी घरात बोलणं बंद झालं. गावात कुणी विचारलं तर आई म्हणायची, त्र्यंबक मजेत आहे. आणि त्या भाऊबीजेला बाबा मला म्हणाले, “ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. तू चंद्राला ओवाळ.”

मी ओवाळलं. दर वर्षी ओवाळते. चंद्राने ताटात कधी काही टाकलं नाही, पण येतो बिचारा न चुकता.

एक सांगू? तू आडनाव बदललंस तर बाबा तीन दिवस जेवले नाहीत. माझं तर नाव आणि आडनाव, दोन्ही एका दुपारी गेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीने ‘सुमित्रा’ लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले! तू तेव्हा नव्हतास, तुला हे ठाऊकच नाही. मी सुमित्रा देवपुजारी आहे, दादा. शाळेत देवपुजारी बाई, घरात सुमित्रा, मग आई, आता आजी. ‘हे’ फार चांगले होते, नाव ठेवायला जागा नाही. पण तांदळात लिहिलेलं नाव मला कधी अंगाला बसलं नाही.

आई गेली, बाबा गेले, आत्या गेली. मला लता म्हणणारं या जगात आता कुणी उरलेलं नाही. तू सोडून. म्हणून शोधते आहे, झालं? कबूल केलं एकदाचं.

लता

२० ऑगस्ट २००६

दादा,

काल थेल्माबाईंकडे चहाला गेले. मी चकल्या नेल्या होत्या, त्यांनी पीच घातलेला गोड पदार्थ केला होता. शंतनू मला सोडून सामान आणायला गेला. दोन म्हाताऱ्या, दोघींचे गुडघे दुखतात, बोलायला विषय कमी पडला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण चष्म्यावरून अशा बघतात की अजूनही कुणीही गप्प बसेल.

मी त्यांना विचारलं, तुम्ही वॉरनमध्ये राहता म्हणजे हे गाव तुमच्याच कुणाचं का? त्या इतक्या हसल्या! म्हणाल्या, “बाई गं, नवऱ्याला कारखान्यात काम मिळालं म्हणून इथे आलो. पहिली काही वर्षं तर या गावाला आमच्यासारखे शेजारी नकोच होते. आणि पाटीवर गावाचं नाव आमचंच! नवरा रोज ती पाटी बघून टोपी काढायचा.”

मग नाव आलं कुठून? शांतपणे म्हणाल्या, “जॉर्जियात माझे आणि नवऱ्याचेही पणजोबा ज्या मालकाचे गुलाम होते, त्याचं. म्हणून माहेर-सासर दोन्हीकडे वॉरनच. गुरांना डाग देतात ना, तसं.”

मला आपला तांदूळ आठवला आणि मग लाज वाटली, कुठे ते आणि कुठे हे. पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारलंच, आणि मी सांगितलं सुमित्राचं. त्या पुढे वाकल्या. “मग तुझं खरं नाव काय?” मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. त्यांच्या जिभेवर ते ‘लाटा’ झालं, पण मला चाललं. फार चाललं.

निघताना मी म्हटलं, सगळ्या वॉरनांना पत्रं टाकायची तर जन्म पुरायचा नाही. त्यांनी माझा हात धरला. त्यांनीही म्हणे निवृत्तीनंतर आपली माणसं शोधली होती, जॉर्जियातून पांगलेली. वॉरन, वॉरन करत दोन वर्षं फुकट घालवली. शेवटी चुलतबहीण सापडली ती एका ओढ्याच्या नावावरून. आजी सारखं त्या ओढ्याचं नाव घ्यायची. कुणीतरी शिकागोत आपल्या चर्चच्या स्वयंपाकघराला तेच नाव दिलं होतं. “लाटा,” त्या म्हणाल्या, “कागदावरचं नाव शोधू नकोस. ते दुसऱ्याचं आहे. तुझ्या भावाला घरची आठवण आली की तो तोंडाने काय म्हणत असेल, ते शोध.”

गाडीत मी डोळे मिटून तेच घोळवत होते. शंतनूला वाटलं, आईला पीच बाधलं.

लता

१७ सप्टेंबर २००६

दादा, दादा, दादा,

सापडलं! तू नाही, पण सापडलं.

आधी राधिकाची क्षमा मागते. तुझ्या या पत्रांत मी तिला दोनचार चिमटे काढले आहेत ते वाचू नकोस. थेल्माबाईंचं बोलणं मी तिला भांडी लावता लावता सांगितलं. भांड्यांच्या यंत्रात मी वाट्या उलट्या लावते म्हणून ती त्या परत लावत होती, ती थांबली. “आई, म्हणजे मामा घरची आठवण आली की काय म्हणत असतील?”

“पळसखेड,” मी म्हटलं. “आणखी काय म्हणणार? तिथे तो तळ्यात बुडता बुडता वाचला, तिथेच चिंचेवरून पडला, सगळं तिथेच.”

तिने ओल्या हातानेच लॅपटॉप उघडला. हल्ली नकाशाच कॉम्प्युटरवर असतो, त्यात गाव घातलं की दाखवतो. तिने इंग्रजीत पळसखेड घातलं. पडदा फिरला. मला वाटलं आता विदर्भ दिसेल. दिसला पिवळट चौकोन आणि त्यात रेघा. ती म्हणाली, “आई, हे ॲरिझोना आहे.”

चँडलर नावाचं शहर. (तेही माणसाच्याच नावाचं, जनावरांचे डॉक्टर होते म्हणे ते. या लोकांना गावाला गावाचं नाव सुचतच नाही.) त्या शहराच्या कडेला एक वसाहत, आणि वसाहतीत एक आखूड रस्ता, टोकाला बंद. पळसखेड लेन.

मी रडायलाच लागले. राधिकाही रडली. मी तिला प्रथमच रडताना पाहिलं.

तिची कॉलेजची मैत्रीण पद्मिनी चँडलरमध्येच असते, तिचा नवरा चिपच्या कारखान्यात आहे. राधिकाने तिला लगेच फोन केला. ती म्हणाली, “अगं मी रोज त्याच साइडने ड्राइव्ह करते, लक्षच गेलं नाही कधी!” दुसऱ्या दिवशी जाऊन पाटीचा फोटो पाठवला. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं, मागे निवडुंग आणि लख्ख ऊन. आपल्या वेशीवर तरी कुठे होती इतकी चकचकीत पाटी? पद्मिनीने वसाहतीच्या ऑफिसात चौकशी केली. तिथली बाई जुनी आहे, तिला माहीत होतं. वसाहत आखताना प्रत्येक रस्त्याला असं नाव द्यावं लागतं जे आसपास दुसऱ्या कुठल्याच रस्त्याला नाही. सगळी झाडं, सगळे पक्षी, बिल्डरच्या सगळ्या मुली संपल्या, की उरलेल्या गल्लीला काय नाव द्यायचं हा प्रश्न. तेव्हा आराखडा काढणारा इंजिनिअर म्हणाला, मी देतो एक नाव, ते अमेरिकेत कुठेच सापडायचं नाही.

इंजिनिअरचं नाव टी. पी. वॉरन. निवृत्त झाले. आहेत अजून, तिथेच जवळपास.

टी. पी.! ‘पी’ कशाचा, ते त्या बाईला माहीत नाही. मला माहीत आहे.

मी फोटोतल्या पाटीवरून हात फिरवला, पडद्यावर डाग पडला, राधिकाने तो तसाच राहू दिला. बाबा असते ना, दादा! बाबांना वाटायचं पोराने गावाचं नाव टाकलं. अरे, तू तर ते नेऊन पार वाळवंटात रोवलंस. पुढच्या शंभर वर्षांत तिथे जो कुणी राहील, त्याला पत्ता लिहिताना पळसखेड लिहावं लागेल. एवढं तर आपल्या कुणी पळसखेडकराने केलं नव्हतं.

लता

८ ऑक्टोबर २००६

दादा,

ऑफिसातली बाई तुझा पत्ता देत नाही. नियम आहे. पण पाकीट दिलं तर पोचतं करीन म्हणाली. म्हणून आतापर्यंतची सगळी पत्रं आणि हे, एकाच पाकिटात घालून पद्मिनीकडे पाठवते आहे. जड झालं आहे. घाईने वाचू नकोस.

काही सूचना. एक, बाबांचा राग शेवटी शेवटी उतरला होता का? नाही. उगीच गोड खोटं लिहीत नाही. पण तुझा शाळेतला फोटो त्यांनी भिंतीवरून काढू दिला नाही. रंग देणाऱ्याने काढला तर त्याच्यावर ओरडले होते. एवढंच माझ्यापाशी आहे, ते तुला दिलं.

दुसरं, शंतनूचा घरचा फोन नंबर खाली लिहिला आहे. फोन करायचा नसेल तर नको करूस. तू का गप्प राहिलास ते मी विचारणार नाही. कॅरल वहिनी कशा आहेत, मुलं आहेत का, हेही तू सांगशील तेवढंच. २८ तारखेला मी जाते. माझं वय पाहता पुन्हा येणं व्हायचं नाही आणि तुझं वय पाहता तू तिकडे येणार नाहीस. २४ तारखेला, मंगळवारी, भाऊबीज आहे. मी तुला आठवण करून देते आहे, बोलावत नाहीये.

तिसरं, फोन केलास तर ‘सुमित्रा’ला बोलवा असं म्हण. या घरात लता म्हटलं तर कुणी ओळखणार नाही.

लता

२५ ऑक्टोबर २००६

दादा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर माझ्यामागून पोचेल. हातातच घेऊन येते. काल जे झालं ते तुला माहीत आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं लिहून ठेवते.

पंधरा दिवस फोन आला नाही. फोन वाजला की मी पदर सारखा करून उभी राहायचे, आणि कधी गालिचे धुणारे, तर कधी मतं मागणारे. शेवटी मी बॅग भरायला घेतली. शंतनू म्हणाला, “आई, पोचलं नसेल पाकीट.” मी म्हटलं, पोचलं असेल रे. सगळ्याच पाकिटांना उत्तर नसतं.

काल संध्याकाळी ताट केलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. मागच्या हिरवळीवर गेले. गार वारं सुटलं होतं, वात राहीना, पदराचा आडोसा केला. शेजाऱ्याच्या गॅरेजवर चंद्राची बारीक कोर आली होती, जरा उशीर केला असता तर बुडालीच असती. ओवाळलं. दरवर्षीप्रमाणे म्हटलं, असशील तिथे सुखी राहा.

आत आले तर आन्या टीव्हीसमोर. सहज म्हणाली, “आजी, समबडी कॉल्ड. ही वॉन्टेड लता. आय टोल्ड हिम, राँग नंबर.”

दादा, माझ्या हातातलं ताट राधिकाने धरलं म्हणून वाचलं.

पोरीचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. वाटलं, संपलं. तीस वर्षांनी तू दार वाजवलंस आणि माझ्याच नातीने सांगितलं, इथे लता नाही. खरंच तर सांगितलं तिने. मग राधिका म्हणाली, “आई, कॉलर आयडी आहे ना!” आणि बटण दाबून फोन माझ्या कानाला लावला. धरायचा कसा तेही मला सुधरेना.

पलीकडून जाड, म्हाताऱ्या आवाजात अमेरिकन इंग्रजी. “वॉरन रेसिडेन्स.” ते तू नव्हेस असंच वाटलं. मी म्हटलं, “मी... सुमित्रा देवपुजारी बोलते आहे.”

आणि तू म्हणालास, “त्या बाईंना मी ओळखत नाही. लतीला फोन द्या.”

लती! दादा, ते ‘लती’ मीही विसरले होते. मी इतके महिने लता, लता करत होते आणि तू त्याच्याही आतलं काढलंस. मी रडले ते तू ऐकलंस. तू रडलास ते मी ऐकलं. मग तू म्हणालास तुझं मराठी गंजलं आहे, आणि लगेच मला म्हणालास, “नाक पूस आधी.” अजिबात गंजलेलं नाही.

तू सांगितलंस, कॅरल वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. म्हणजे ज्या म्हाताऱ्यासाठी तू नाव बदललंस, त्याचं नावही तुझ्यापाशीच थांबणार. तू हे हसत सांगितलंस, मला हसता आलं नाही. कंबरेचं ऑपरेशन झालंय, विमानात बसता येत नाही म्हणालास. राँग नंबर ऐकल्यावर फोन शेजारी ठेवून तिथेच बसून राहिला होतास म्हणालास. मीही तुझ्या जागी तेच केलं असतं.

मी म्हटलं, आत्ताच चंद्राला ओवाळून आले. तू खिडकीकडे पाहून म्हणालास, “माझ्याकडे अजून ऊन आहे गं. तुझा चंद्र तीन तासांनी इथे येईल. मी खुर्ची टाकून बसतो बाहेर.” बसलास ना? खरं सांग. आणि मग विचारलंस, “लती, ओवाळणी काय देऊ?”

मी म्हटलं, येते तेव्हा घेईन.

शंतनूने रात्रीच तिकीट बदललं. पहिल्यांदा यार न म्हणता काम केलं त्याने. शनिवारी दुपारी मी फिनिक्सला उतरते, पद्मिनी घ्यायला येणार आहे. तिला सांगितलंय, आधी पळसखेड लेनवर ने, दोन मिनिटं उतरू दे, मग दादाकडे. मला तिथे उभं राहून गाव ओलांडून भावाकडे गेल्यासारखं वाटू दे. निरांजन बॅगेत घेतलं आहे, काड्यापेटी तुझी. खुर्ची नको, पाट शोधून ठेव. नसेल तर एखादी फळी.

थेल्माबाईंना फोन करून सांगितलं. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “लाटा, तुझ्या त्या रस्त्याचा फोटो मला पाठव. मी फ्रिजवर लावीन.”

आज सकाळी आन्या शाळेत जाण्याआधी फोनपाशी काहीतरी करत होती. ती गेल्यावर पाहिलं. पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत. ‘लता म्हणजे आजी. राँग नंबर म्हणू नका.’

मी गेल्यावरही ती काढू नका, असं राधिकाला सांगून ठेवलं आहे.

तुझी
लती